सुनेला म्हणे हळू गाडी पुरते

सुनेसाठी इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायला आज शोरूममध्ये गेलो होतो. तिथे जे ऐकलं, त्यामुळे हे लिहावं लागतंय.

प्रज्ञा चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. कासारवाडीहून रोज नाशिक रस्त्याने, कंटेनरच्या गर्दीतून जायचं. सेल्समनने तिला काहीच न विचारता सगळ्यात स्वस्त गाडी पुढे केली.

"ताईंना ही बेस्ट. लायसन्स लागत नाही. पंचवीसच्या वर पळतच नाही, म्हणजे घरच्यांना टेन्शन नाही."

तिच्याकडे लायसन्स आहे. लग्नाआधीपासून गाडी चालवतेय ती.

आमचे हे लगेच खूश. "तिला कुठे शर्यत लावायचीय? साठ हजारांत भागतंय."

मुलाच्या बाईकला यांनी दीड लाख मोजले होते. तो घरून काम करतो.

प्रज्ञा हळूच म्हणाली, "आई, चालेल मला."

"मला नाही चालणार," मी म्हटलं. "अहो, आधी तुम्हीच हायवेला एक चक्कर मारून या."

गेले. परत आले तेव्हा शर्ट घामाने भिजलेला. "मागून ट्रेलरवाला हॉर्न मारतोय आणि ही पुढे सरकेचना," एवढंच बोलले आणि खुर्चीत बसले.

मैत्रिणींनो, तुमच्याकडेही मुलाची हौस आधी आणि सुनेचा जीव नंतर, असाच हिशोब असतो का?

आम्ही सव्वा लाखाची, हायवेवर नीट पळणारी गाडी प्रज्ञाच्या नावावर बुक केली. काउंटरवर दिलं ते असं: तिच्या आधार कार्डाची प्रत, दोन फोटो आणि यांच्या सहीचा पूर्ण रकमेचा चेक.