वाटाड्याचा वळसा

घराण्यात त्याला सगळे वाटाड्या म्हणत. तोंडावर म्हणत, आणि तोही ते कौतुक समजून घेई. ज्याला आयुष्यात दुसरी कुठली पदवी मिळाली नाही, त्यानं आहे ती तरी नाकारायची कशाला?

नोकरीही त्याच वळणाची होती. एका मोठ्या इस्पितळात ‘चौकशी’ अशी पाटी लावलेल्या खिडकीमागे तो बसे. लोक विचारत, एक्स-रे कुठं काढतात? तो न अडखळता सांगे, ‘डावीकडं जा, जिना चढा, उजवीकडं वळा आणि तिथं कुणालाही विचारा.’ या शेवटच्या चार शब्दांत त्याचं सगळं ज्ञान मावत होतं. खिडकीपुढची रांग मात्र झरझर पुढं सरके, त्यामुळे वरिष्ठ त्याच्यावर खूश होते.

शहराच्या एका टोकाला विमानतळ आणि पार दुसऱ्या टोकाला रेल्वे स्टेशन. नातेवाइकांपैकी ज्याला म्हणून विमानातून उतरून आगगाडीत बसायचं असे, त्याला हमखास वाटाड्याची आठवण होई. एरवी वर्ष वर्ष कुणी त्याला फोन करत नसे. पण तिकिटं काढून झाली की लगेच, ‘काय रे, कसा आहेस?’ वाटाड्या रजा टाके, इस्त्रीचा शर्ट घाले आणि विमानतळाच्या कठड्याशी उभा राही. मग टॅक्सीत ड्रायव्हरशेजारी बसून एक हात खिडकीबाहेर काढायचा आणि सगळं शहर आपण हातानं बांधल्यासारखं दाखवत सुटायचं. दर दहा मिनिटांनी मागं वळून म्हणायचं, ‘वेळ नाही हं.’ त्याच्या आडवळणांनी पाहुण्यांना मळमळायला लागे. पुढं स्टेशनवर तो त्यांना इतक्या लवकर नेऊन टाकी, की बिचारे गाडी फलाटाला लागेपर्यंत बॅगा मांडीवर घेऊन बाकावर पेंगत बसत. पण गाडी कुणाची चुकली नाही, हे मात्र खरं.

वाटाड्याची बायको एका कपड्यांच्या दुकानात मागच्या बाजूला मशीनवर बसे. लोकांच्या लांड्या-लांब पँटींची टोकं दुमडून द्यायची. बोलायला फटकळ आणि हिशेबाला पक्की. तिचं दुखणं एकच होतं. तिचं घर विमानतळ आणि स्टेशन यांच्या बरोबर मधे, सरळ रस्त्याला लागून होतं. टॅक्सी दारात थांबवून घोटभर चहा घ्यायचा म्हटलं तरी कुणाची वाट वाकडी होणार नव्हती. तरी इतक्या वर्षांत सासरच्या एकाही माणसाचा पाय त्या घराला लागला नव्हता. बाकीच्यांचं तिनं सोडून दिलं होतं, पण थोरल्या जावेचं तिला सोडवेना. लग्नानंतर ती जावेकडं पंधरा दिवस राहिली होती, तिच्या हातचं जेवली होती. जावेनं एकदा तरी आपला जिना चढावा, आपल्या खुर्चीवर बसावं आणि आपल्या कपातला चहा प्यावा, एवढंच तिला हवं होतं.

थोरले दीर लांबच्या मुलखात नोकरीला. त्यांची लेक जिथं राहते तिथं विमान उतरत नाही, त्यामुळे दरवर्षी ती दोघं इथं उतरून पुढं आगगाडीनं जात. दरवर्षी बायको घर झाडूनपुसून ठेवी, आणि दरवर्षी वाटाड्या एकटाच परत येऊन सांगे, ‘वेळच नव्हता गं त्यांना.’

‘वेळ नव्हता का जिना चढवत नव्हता?’ ती म्हणे. ‘तुमच्या वहिनींचे गुडघे सोन्याचे आहेत ना, झिजतील बिचारीचे.’

वाटाड्या इस्त्रीचा शर्ट काढून खुंटीला लावी. मूग गिळून बसण्यात त्याचा हात कुणी धरला नसता.

या वर्षी मात्र तिनं दुकानातून रजा घेतली. पडदे धुतले, शेजारणीकडून दोन खुर्च्या आणल्या, नवे कप काढून पालथे घालून ठेवले आणि सकाळी त्याच्याआधी चपला घालून दारात उभी राहिली.

‘तू कुठं?’

‘विमानतळावर. मी स्वतः बोलावणार आहे त्यांना. बघू तोंडावर कशा नाही म्हणतात ते.’

‘अगं, टॅक्सीत जागा नाही व्हायची. त्यांच्या बॅगा असतात.’

‘मी काय कपाट आहे? बसेन मावेन तशी.’

त्यानं आणखी दोन-तीन अडचणी काढून पाहिल्या. उन्हाचा त्रास होईल, दुकानदार रागवेल. ती जिना उतरायलाही लागली होती.

विमानतळाच्या काचेच्या दारातून थोरले दीर बाहेर आले, ते मानेभोवतीची फुगवलेली उशी तशीच ठेवून. जणू विमान अजून हवेतच होतं. त्यांच्यामागून जाऊबाई, रोडावलेल्या आणि दमलेल्या. धाकट्या जावेला बघताच त्यांनी बॅग सोडली आणि तिचे दोन्ही हात धरले. ‘तू आलीस! किती वर्षांनी गं!’ बायकोनं वर्षानुवर्षं घासूनपुसून ठेवलेले टोमणे होते. ते असे एकदम बिनकामाचे व्हावेत, हे तिला मुळीच आवडलं नाही.

टॅक्सी निघाली. पुढं वाटाड्या. मागं थोरले दीर, मधे जाऊबाई आणि दाराला चिकटून बायको. काही वेळ सगळं ठीक चाललं. मोठा रस्ता झाला, पूल झाला, पुलाच्या कठड्यावरून पलीकडं इमारतींच्या टाक्या दिसायला लागल्या. आपल्या इमारतीची निळी टाकी, कडेला तडा गेलेली, बायकोनं लांबूनच ओळखली. आता पूल उतरला की सरळ. ती बोलावणं करायला तोंड उघडणार, एवढ्यात वाटाड्या ड्रायव्हरला म्हणाला, ‘उजवीकडं घ्या.’

‘सरळ जवळ पडेल, साहेब.’

‘सरळ खोदून ठेवलाय रस्ता. उजवीकडं घ्या.’

बायको त्याच रस्त्यानं सकाळी दूध घेऊन आली होती. खोदकाम सोडाच, रस्त्यावर साधा दगडही नव्हता. टॅक्सी उजवीकडं वळली. मालगोदामं, भिंतीच भिंती, मग एक लांबलचक वळण. निळी टाकी आधी डाव्या खिडकीत होती, ती हळूहळू मागच्या काचेत गेली.

‘दरवर्षी इथंच मला मळमळतं,’ जाऊबाई पदर तोंडाला लावत म्हणाल्या. ‘जवळचा रस्ता खोदलेलाच असतो बाई तुमच्याकडं.’

‘दरवर्षी?’ बायकोनं विचारलं.

‘आम्ही आलो की असतोच. आणि तुमचं घर तर अगदीच उलट्या दिशेला. मी दरवर्षी म्हणते, एकदा जाऊन येऊ. पण भाऊजी सांगतात, जायचं तर अख्खा दिवस मोडेल. आमची गाडी असते. काय करणार?’

बायको वाटाड्याच्या मानेकडं बघत राहिली. मान हळूहळू लाल झाली आणि ती लाली कानापर्यंत गेली. खिडकीबाहेरचा हात आत आला आणि मांडीवर गप्प पडला.

आता तिच्या लक्षात आलं. हा नवरा शहर ओळखत नव्हता असं नाही. त्याला एकच रस्ता नीट पाठ होता, आणि तो म्हणजे आपलं घर चुकवण्याचा. त्याची सगळी प्रसिद्ध आडवळणं, पाहुण्यांची सगळी मळमळ या एका घराला वळसा घालण्यासाठी होती. आणि ती इकडं इतकी वर्षं त्या गरीब बाईच्या गुडघ्यांचा उद्धार करत बसली होती! तिला असा संताप आला, की ती सीटवरून पुढं सरकली.

‘ड्रायव्हरदादा,’ ती म्हणाली, ‘टॅक्सी मागं फिरवा. त्या पुलाशी सरळ घ्या.’

‘वेळ नाही हं,’ वाटाड्या पुटपुटला.

‘गाडीला साडेतीन तास आहेत. बाकावर पेंगण्यापेक्षा चहा प्या. घर त्या सरळ रस्त्यावरच आहे, जाऊबाई. उलट्या दिशेला नाही.’

‘सरळ रस्त्यावर?’ थोरल्या दिरांनी उशीतून मान वर काढली. ‘अरे, मग तू काय म्हणत होतास?’

‘ते दिशेचं कसं असतं, दादा,’ वाटाड्या म्हणाला, ‘आपण कुठून बघतो त्यावर असतं.’

यावर ड्रायव्हरसुद्धा हसला.

टॅक्सी दारात थांबली. वाटाड्या उतरला, पण जिन्याकडं जाईना. ‘तुम्ही व्हा वर. सामान बघायला कुणीतरी हवं,’ म्हणाला आणि डिकीला पाठ लावून उभा राहिला. ड्रायव्हर गाडीतच बसलेला होता, पण तो विषय कुणी काढला नाही.

दुसरा मजला. दोन खोल्या. बाहेरची बसायची आणि झोपायची, आतली स्वयंपाकाची आणि कपडे वाळत घालायची. बायकोला त्या घराची कधी लाज वाटली नव्हती. तिनं चहा टाकला, कप उलटे होते ते सुलटे केले, बशीत बिस्किटं मांडली. जाऊबाई शेजारणीच्या खुर्चीवर टेकल्या आणि चहाचा पहिला घोट घेऊन डोळे मिटून म्हणाल्या, ‘आत्ता बरं वाटलं गं.’ बायकोनं बिस्किटांची बशी त्यांच्याकडं सरकवली. एवढ्यासाठी इतकी वर्षं गेली, असं तिला वाटलं. सुख झालं आणि त्या सुखाचा रागही आला.

थोरले दीर मात्र उभ्यानंच फिरत होते. फिरायला तिथं फार काही नव्हतं. त्यांनी आतल्या खोलीत डोकावलं, दाराच्या मागं बघितलं आणि विचारलं, ‘वरचा जिना कुठून आहे?’

‘वरचा?’

‘पाहुण्यांच्या खोलीचा. वरच्या मजल्यावर खास पाहुण्यांसाठी खोली बांधून घेतलीय ना यानं? गॅलरीसकट. मी माझं घर घेतलं तेव्हा फोनवर सांगितलं होतं यानं. म्हणाला, दादा, तुम्ही दोघं आलात की ती तुमचीच.’

जाऊबाई कप धरून तिच्याकडं बघत होत्या. त्यांच्या नजरेत खोच नव्हती, नुसती उत्सुकता होती. बायकोच्या जिभेवर खरं उत्तर अगदी तयार होतं. वर दुसऱ्याच कुणाचं बिऱ्हाड आहे, आमच्या मालकीचं वर फक्त आभाळ, आणि तुमच्या भावानं फोनवर मारली ती शुद्ध थाप. एवढं बोलली असती की सगळी फिटंफाट झाली असती. तिनं खिडकीतून खाली बघितलं. डिकीला टेकून तो उभा होता. इस्त्रीचा शर्ट पाठीवर घामानं चिकटला होता आणि खिडकीकडं न बघण्यासाठी तो रस्त्याकडं अगदी जोर लावून बघत होता.

‘भाड्यानं दिलीय ती खोली,’ ती म्हणाली.

‘भाड्यानं?’

‘हो. एका मास्तरांना. एकटेच असतात.’

‘बरोबर आहे,’ थोरले दीर खुर्चीत बसत म्हणाले. ‘पाहुणे तर कुणी येत नाहीत. रिकामी ठेवून करायचं काय?’

‘पण पुढच्या वर्षी त्यांना सांगून मोकळी करून घे हं,’ जाऊबाई म्हणाल्या. ‘आता वाट कळली. चांगले आठ दिवस राहू. तुझ्या हातचं जेवू.’

‘घेते की,’ ती म्हणाली.

मग तिनं उरलेला चहा एका कपात ओतला आणि तो घेऊन खाली आली. जिना उतरताना एकेका पायरीवर तिनं त्याला द्यायच्या शिव्या नीट लावून घेतल्या होत्या.

‘काय म्हणाले?’ त्यानं रस्त्याकडं बघतच विचारलं.

‘चहा आवडला.’

‘आणखी?’

‘वरच्या खोलीचा जिना विचारत होते.’

त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. एरवी सगळ्या जगाला रस्ता सांगणारा हा माणूस आता हात कुठं ठेवावेत तेही न कळल्यासारखा उभा राहिला. तिच्या शिव्या तोंडातच राहिल्या. राग होता, मायंदाळ होता, आणि पाहुणे गेल्यावर तो निघणारच होता. पण त्या क्षणी तिला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःवरच ती चिडली.

‘भाड्यानं दिलीय म्हणून सांगितलं,’ ती कप पुढं करत म्हणाली. ‘एका मास्तरांना. एकटेच असतात म्हटलं.’

त्यानं कप घेतला. एक घोट घेतला, मग दुसरा. हळूहळू चेहऱ्यावर रंग परत आला. त्यानं मान वर करून तिसऱ्या मजल्याकडं बघितलं. तिथल्या गॅलरीत परक्या बिऱ्हाडाची चादर वाळत होती. मालकानं बघावं तसा तो त्या गॅलरीकडं बघत राहिला.

‘पण मास्तर माणूस बरा आहे ना?’ त्यानं विचारलं.