बेसनच आहे, अण्णासाहेब

अण्णासाहेबांनी वर्तमानपत्राची गुंडाळी केली होती. त्या गुंडाळीनं त्यांनी माझ्या मायच्या पातेल्यावरचं झाकण बाजूला ढकललं. हात लावला नाही. झाकण फरशीवर पडलं आणि बराच वेळ वाजत राहिलं.

चपला त्यांच्या पायातच होत्या. स्वयंपाकघर भाड्याचं होतं, माझं होतं, पण घर त्यांचं होतं. यवतमाळात मला नोकरी लागून थोडेच दिवस झाले होते. बोरी अरबकडच्या आमच्या गावाहून मी मायला आणलं होतं. माझं लग्न व्हायचं होतं. एक खोली, एक स्वयंपाकघर, मागे मोरी. खोली देताना त्यांनी एकच अट घातली होती. या घरात मांसमच्छी शिजणार नाही.

"मटण आहे ना?" ते म्हणाले.

माय भिंतीला पाठ लावून उभी. हातात पळी.  मी बोललो.

"बेसनच आहे, अण्णासाहेब. पातोडी आहे."

त्यांना पटलं नाही. मसाल्याचा वास जिन्यापर्यंत गेला होता आणि असा वास त्यांच्या लेखी एकाच गोष्टीचा असतो. त्यांनी मला एक तुकडा काढायला सांगितला. मी काढला. खायला सांगितला. मी उकळता तुकडा तोंडात टाकला, टाळू पोळली, गिळला. मग एक तुकडा फोडून दाखवायला सांगितला. मी तोही बोटांनी फोडला आणि खिडकीच्या उजेडात धरला. कारकुनाची नोकरी करणारा, शिकलेला बाप्या. परीक्षेत पास होऊ पाहणाऱ्या पोरासारखा उभा होतो.

"अरे, खरंच बेसन की," ते म्हणाले आणि हसले. "तुमच्या लोकांत असं शुद्ध खाणारेही असतात. आम्हाला ठाऊक नव्हतं."

तिथं गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण सुटल्याच्या आनंदात मी म्हणालो, "दहा पिढ्यांपासून, अण्णासाहेब. आमच्या घराण्यात मांसाला कोणी शिवलेलं नाही."

ते गेल्यावर मायनं झाकण उचललं, धुतलं, पातेल्यावर ठेवलं. जेवताना म्हणाली, "दहा पिढ्या कायले सांगतल्या रे बाबू? मले त तुया बापाची एक पिढी बी धड आठवत नाही."

मी हसलो. ती हसली नाही.

"मेलेल्यायच्या तोंडातली मटणाची बोटी तरी काढू नको," ती म्हणाली.

आज माझी सत्तरी उलटली आहे. हे वाक्य मी कोणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या बायकोलाही नाही.

पातोडी म्हणजे काय, हे लिहायला हवं, कारण मी ते आयुष्यभर चुकीचं सांगितलं. बेसन मिरची-लसणाबरोबर घट्ट शिजवायचं, तेल लावलेल्या ताटात थापायचं, सुरीनं शंकरपाळ्यांसारखे तुकडे कापायचे. कांदा आणि सुकं खोबरं विस्तवावर भाजायचं. मिरे, खसखस, दगडफूल, तेजपान पाट्यावर वाटायचं. जवसाच्या तेलात तिखटजाळ रस्सा करायचा आणि तुकडे त्यात सोडायचे. हा मसाला मटणाचा आहे. दुसऱ्या कशाचा नाही.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. जात लिहीत नाही. लिहिली की लोक जातच वाचतात, पुढचं वाचत नाहीत. सणावाराला वस्तीत बकरा पडायचा आणि त्याचे वाटे लागायचे. ज्याची ऐपत असेल त्यानं वाटा घ्यायचा. आमची बहुतेक वेळा नसायची. मग माय सकाळपासून मसाला भाजायची. बेसन थापायची. अंगणातल्या चुलीवर, सगळ्यांना दिसेल असं पातेलं चढवायची. शेजारच्या घरांतून जो वास यायचा, तोच आमच्याही घरातून यायचा. याचं कारण तिनं मला एकदाच सांगितलं होतं. "घरातून वास त सारखा याले पायजे." आम्ही पोरं रस्त्याकडे तोंड करून बसायचो आणि हाड चोखल्यासारखी बोटं चोखायचो.

वस्तीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी कधी आमच्या पातेल्याचं झाकण उचललं नाही. ती तिथली रीत होती. दुसऱ्याच्या झाकणाला हात लावायचा नाही.

एकीकडे मटण नाही हे झाकायला केलेला वास. दुसरीकडे तोच वास मटण आहे म्हणून पकडला गेला. आणि मी दोन्ही वेळा जिचं अन्न खाल्लं, ती बाई भिंतीला पाठ लावून उभी होती.

पुढं सगळं सोपं झालं. अण्णासाहेबांना पातोडी आवडली. ते वरून वाटी पाठवायचे. मायच्या हातचं खातो, हे ते चारचौघांत सांगायचे आणि ऐकणारे त्यांच्याकडे कौतुकानं बघायचे. मायकडे नाही. त्यांच्या मंडळात शाकाहारावर व्याख्यानं व्हायची. एकदा त्यांनी मला उभं केलं. म्हणाले, "यांच्याकडे बघा. यांच्यातले असूनही." बाकी वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

मग मी स्वतःच व्याख्यानं देऊ लागलो. कामाला लागावं तसा लागलो. ग्रंथालयातून पुस्तकं आणली. ऋषिमुनींचा आहार, यज्ञातली हिंसा कोणी नाकारली, कोणत्या पंथानं कंदमुळंही सोडली, संतांनी काय सांगितलं, परदेशात कोणी मांस सोडलं, सगळं पाठ केलं. दारव्ह्याला बोललो, नेरला बोललो, उमरखेडपर्यंत गेलो. शेवटी दहा पिढ्या यायच्याच. मी सांगितलेल्या इतिहासात मांस सोडणारे सगळे होते. मांस न मिळणारे कोणीच नव्हते.

आमच्या वस्तीत वर्षातले बहुतेक दिवस मांस नव्हतं. ज्वारीच्या कण्या होत्या, मीठ होतं, अंबाडीची भाजी होती. कधी कुठून मिळालंच तर त्याच्या चान्या, म्हणजे लांब पट्ट्या, करून दोरीवर वाळवायच्या आणि पावसाळाभर पुरवायच्या. आम्ही जगातले मोठे शाकाहारी होतो. ते व्रत नव्हतं. ती भूक होती. माझ्या एकाही व्याख्यानात ही भूक आली नाही. मी तिला धुऊन, गंध लावून व्यासपीठावर बसवलं आणि तिला संस्कार म्हटलं.

अण्णासाहेबांनी पुढं जमिनीचे प्लॉट पाडले. त्यातला एक मला दिला. त्या कॉलनीत आमच्यातलं घर माझं एकच. पैसे मी इतरांइतकेच मोजले, तरी लोक दिला असंच म्हणत आणि मीही तसंच म्हणू लागलो.

मायचं खुब्याचं हाड मोडलं ते त्या घरात. मोरीत घसरली. ऑपरेशन झालं, पण ती पुन्हा उभी राहिली नाही. अंगावरचं मांस उतरत गेलं. आमच्याकडे हाड मोडलं की बकऱ्याच्या पायाचा रस्सा देतात. तिनं तो तिच्या सासूला दिला होता, माझ्या बापाला दिला होता. एका दुपारी तिनं मला जवळ बोलावलं.

"बाबू, पायाचा रस्सा आण नं कुठून. थोडासाच."

मी म्हणालो, कॉलनीत चालत नाही.

"वास येईन म्हणून भेतं काय? खिडक्या लावून घे. मी तोंडावर पदर घेऊन पिईन."

ती थट्टा करत होती. माझ्या बायकोनं मागल्या दारानं डब्यात आणायची तयारी दाखवली. मी तिला रागावलो. मोठ्यानं रागावलो, मायला ऐकू जाईल असं. आता घर माझं होतं. भिंती माझ्या, दार माझं, गॅस माझा. वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन कोणी येणार नव्हतं. तरी मी मायला मुगाचं पाणी पाजलं.

तिनं आणखी दोनदा मागितलं. मग मागणं सोडलं. मुगाचं पाणी मुकाट पिऊ लागली. मागणं सोडलेल्या माणसाचं तोंड कसं दिसतं, ते मी हिवाळाभर पाहिलं. रस्सा दिला असता तर ती वाचली असती, असं मी म्हणत नाही. ती मेलीच असती. पण मागूनही न मिळता मेली. तिच्या तेरवीला मी पुरण केलं, वडे केले, आणि सगळ्यांनी माझ्या घराच्या शुद्धतेची तारीफ केली.

यंदाच्या हिवाळ्यात अण्णासाहेबांच्या सूनबाई घरी आल्या. अण्णासाहेब जाऊन बरीच वर्षं झाली. सूनबाई चांगल्या आहेत. माझी बायको आजारातून उठेपर्यंत त्यांनी डबे पाठवले होते. कॉलनीच्या सभागृहात शाकाहारी पाककृतींचा कार्यक्रम होता. काकांनी परंपरेवर बोलावं आणि आजींची, म्हणजे मायची, पातोडी करून आणावी, असा त्यांचा आग्रह. मी हो म्हटलं.

पातोडी मीच केली. मसाला भाजताना वास उठला आणि मी गॅस बंद करून खाली बसलो. पुन्हा उठलो. पुन्हा लावला.

सभागृहात पातेलं टेबलावर ठेवलं. सूनबाईंनी ओळख करून दिली. "काकांच्या घराण्यात दहा पिढ्यांपासून मांसाला कोणी शिवलेलं नाही." माझंच वाक्य. त्यांच्या तोंडात ते किती स्वच्छ वाटत होतं. त्यांना ते खरंच वाटत होतं.

मी माईक घेतला. म्हणालो, दहा पिढ्या खोटं आहे. मग सगळं सांगितलं. वाटे, अंगणातली चूल, सारखा वास. गुंडाळी. पायाचा रस्सा. नावं घेतली नाहीत, पण समोर बसलेल्यांना कळली. मागून एकजण म्हणाले, "म्हणजे यात मटणच घालायचे म्हणा की तुम्ही." थोडे लोक हसले.

"मिळालं असतं तर घातलं असतं," मी म्हणालो.

त्यानंतर कोणी हसलं नाही. आभारही मानले नाहीत. खुर्च्या सरकल्या. ताटल्या मांडलेल्या होत्या, पण टेबलाजवळ कोणी येईना. सूनबाई आल्या. चेहरा उतरला होता. त्यांनी पातेल्याकडे बघितलं आणि अगदी हळू, मला वाईट वाटू नये अशा आवाजात विचारलं, "काका, पण आज यात बेसनच आहे ना?"

तोच प्रश्न. सासऱ्याचा सुनेकडे आलेला. चप्पल नव्हती, गुंडाळी नव्हती, आवाजात माया होती. प्रश्न तोच होता. उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. इतक्या वर्षांची सवय. एक तुकडा काढायचा, फोडायचा, उजेडात धरायचा.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की माझं पाप खोट्या दहा पिढ्यांपासून सुरू झालं नव्हतं. ते त्याच्या आधीच्या खऱ्या वाक्यापासून सुरू झालं होतं. बेसनच आहे, अण्णासाहेब. हे खरं मी सांगायलाच नको होतं. मटण असतं तर? माझी माय कमी माणूस ठरली असती?

मी झाकण घट्ट बसवलं, पातेलं उचललं आणि भर सभागृहातून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजारात गेलो. पाये आणले. उघड्या पिशवीत, कॉलनीच्या मोठ्या रस्त्यानं. बायकोनं काही न विचारता शिजवले. एक वाटी मायच्या फोटोपुढं ठेवली. एक मी घेतली. पहिला घोट घशाखाली गेला नाही. मोरीत जाऊन ओकलो. जीभ त्यांची झाली आहे. ती आता परत मिळणार नाही, आणि मायला तर काहीच परत मिळणार नाही. मी मरेपर्यंत वरण-भातच खाणार, हे मला माहीत आहे.

कॉलनीतले लोक आता घरी येत नाहीत. परवा समितीचे दोघं फाटकाशी आले. तक्रार आहे म्हणाले. घरात काय शिजतं, एकदा सांगून टाका म्हणजे विषय मिटेल.

मी फाटक उघडलं नाही.

माझ्या चुलीवर पातेलं आहे. त्याच्यावर झाकण आहे. आत काय आहे, ते मी कोणाला सांगणार नाही. एकही तुकडा काढून दाखवणार नाही.