बांधावर कुठला रंग दिसतो

जावयांनी पाठवलेली पिशवी उघडली तेव्हा आधी मी तिचा रंगच बघत बसले. रंग म्हणायचा म्हणून म्हणते. ओली माती आणि त्यात थोडं शेवाळ कालवल्यासारखं काहीतरी. पाठीवर अडकवायची मोठी पिशवी, आणि कप्पे इतके की एकात काय ठेवलंय ते दुसरा उघडेपर्यंत विसरायला व्हावं. आत विजेरी, दोरी, शिट्टी, सुक्या खाऊची पाकिटं, जखमेवर बांधायच्या पट्ट्या, आणि त्याच मातकट रंगाचा एक लांब रेनकोट. पूर आला, वादळ आलं, घर सोडायची वेळ आली, तर बाकी काही न शोधता ही एक पिशवी उचलायची आणि निघायचं. कल्पना मला फार आवडली. मागच्या चक्रीवादळात घर सोडताना मी घाईघाईत देवघरातली घंटा आणि साखरेचा डबा घेऊन निघाले होते. गोळ्या घरीच राहिल्या.

पण रंगाचं कोडं काही सुटेना. म्हणून जावयांना फोन लावला.

"पिशवी छान आहे हो, पण असा रंग का?"

"मुद्दाम घेतलाय, आई. संकटाच्या वेळी आपल्याकडे सामान आहे हे कुणाला दिसता कामा नये. उठून दिसणारी पिशवी असली की लोक पहिले तुमच्याकडे येतात."

"येऊ देत की. येतातच."

"तसं नाही, आई," ते म्हणाले, आणि मग त्यांनी त्यांच्या इमारतीतली हकीकत सांगितली. पाणी बंद झालं होतं तेव्हा जावयांनी पिंप भरून ठेवलेलं. कुणीतरी ते पाहिलं, आणि दुपारपर्यंत पिंप रिकामं. रात्री लेकराला प्यायला पाणी नाही. कधी नमस्कारही न करणारी माणसं बादल्या घेऊन दारात उभी होती म्हणे. त्यांचं चूक आहे असं मला वाटलं नाही. फक्त मला प्रश्न पडला, की आमच्या गावात लपायचं कुणापासून? पिशवी घेऊन येणाऱ्या कुरिअरवाल्याने आमचं घर नाक्यापासून विचारत आणलं होतं. संध्याकाळी शेजारची माझी धाकटी जाऊ आली ती हेच म्हणत, "काय गो बाय, शिट्टी पन हाय म्हणं त्यात? दाव बघू."

पुढच्याच आठवड्यात वीज गेली. म्हटलं, चला, विजेरी काढू. तर पिशवी सापडेना. भाताच्या गोणींच्या बाजूला ठेवलेली, मी तिच्यावरून दोनदा हात फिरवला असेन, पण अंधारात ती गोणीच वाटली. शेवटी जाऊबाईचा पाय तिच्यात अडकला तेव्हा मिळाली. चोराला दिसू नये म्हणून घेतलेली वस्तू मालकिणीलाही दिसेना. सकाळी मी माझ्या जुन्या पिवळ्या लुगड्याचा काठ फाडून पिशवीला सगळीकडून शिवून टाकला.

पिशवीचं झालं. खरी काळजी रेनकोटाची होती, कारण तो आमच्या ह्यांना आवडला होता.

आमचं घर म्हणजे मागचं दार उघडलं की भाताची खाचरं, खाचरांच्या शेवटी मातीचा लांब बांध, आणि बांधापलीकडे खाडी. खाडीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून तो बांध. मध्ये एक उघाडी आहे, म्हणजे लाकडी दारं, पावसाचं पाणी बाहेर सोडायला. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं तेव्हा पाणी बांधाच्या गळ्यापर्यंत चढतं. त्यात चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, बांधाला भोकं पाडतात, भोकातून पाणी झिरपतं, आणि वेळीच चिखल-पेंढा ठासला नाही तर बांध फुटून खांड पडते. एकदा खांड पडली आणि खारं पाणी शेतात बसलं की पुढचे काही हंगाम भात विसरायचं. म्हणून उधाणाच्या दिवशी आळीतले पुरुष बांधावर जातात. आमचे हेही जातात. सत्तरी उलटली तरी उघाडीची दारं त्यांच्याइतकी कुणाला कळत नाहीत, असं त्यांचं स्वतःचं म्हणणं.

आणि त्यांना ऐकू येत नाही. गेल्या काही वर्षांत कान गेलेच. कानातलं मशीन आहे, पण ते पावसात चालत नाही, म्हणून उधाणाच्या दिवशी ते नेमकं घरी कपाटात. बांधावर वारा, लाटा, त्यात कुणी "मागं फिरा" म्हणून ओरडलं तर बाकीच्यांना कळणार, ह्यांना नाही. त्या पिशवीतल्या शिट्टीचा मी विचार करून पाहिला. त्यांनी फुंकली तर आम्हाला ऐकू येईल, आम्ही फुंकली तर त्यांना नाही. उपयोग उलटा. तेव्हा एकच उरलं, की ते दिसले पाहिजेत. मला, दिराला, ज्याला त्याला. आणि हे तर मातीच्या बांधावर मातीच्या रंगाचा कोट घालून निघाले. श्रावणातल्या पहिल्या उधाणाला मी मागच्या दारात उभी राहून बघत होते. उघाडीपर्यंत दिसले आणि मग जणू बांधाने गिळले. ते घरी आले तोवर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

मग मला वेगळंच कुतूहल लागलं. पावसात, एवढ्या लांबून, नक्की कुठला रंग दिसतो? हे कुणाला विचारायचं? मी म्हटलं, आपणच बघू. एका झिमझिम दुपारी मी काठ्या घेऊन बांधावर गेले, काठ्या रोवल्या आणि एकेकीवर कापड बांधलं. लाल लुगडं, हिरवं पोलकं, पांढरा परकर, निळं ताडपत्रीचं फडकं. आणि परत मागच्या दारात येऊन उभी राहिले.

जाऊ धावत आली. "बाय, बांधावर धुणं वाळत घातलंस? पाऊस दिसत न्हाय तुला?"

"पाऊस हाय म्हणूनच घातलंय. सांग, लाल दिसतं काय?"

ती डोळे बारीक करून बघत राहिली. "लाल कुठं हाय? काळं हाय ते."

खरंच की. मला वाटलं होतं लाल सगळ्यांत ठसठशीत दिसेल. ढगाळ उजेडात ते दगडासारखं काळं झालं होतं. हिरवं शेतात विरघळलं. निळं दिसलं, पण गावातल्या निम्म्या छपरांवर तीच ताडपत्री, तिच्याकडे कोण लक्ष देतो? पांढऱ्यावर माझी फार भिस्त होती. तेवढ्यात पांढरं उडालं. जाऊ म्हणाली, "गेला तुझा परकर," आणि आम्ही दोघी पळालो, तर परकर जागच्या जागी. उडाला तो बगळा. चिखलात उभे असलेले बगळे आणि माझा परकर, घरून फरकच कळत नव्हता.

आम्ही दोघी बांधावर बसून भिजत हसलो. मग परत येताना, जाऊच्या काकडीच्या मांडवाशी, मी थबकले. तिथे तिचं बुजगावणं उभं होतं. तिच्या मुलाचं जुनं जाकीट त्याच्या अंगात, तो न्हावा शेव्याकडे कंटेनरच्या यार्डात कामाला आहे ना, तिथलं. भगभगीत नारिंगी, त्यावर चकाकत्या पट्ट्या. मी ते काढलं, पुन्हा बांधावर जाऊन काठीवर अडकवलं, घरी येऊन पाहिलं. डोळे मिटून उघडले तरी पहिलं तेच दिसायचं. अंधारून आल्यावर विजेरी मारली तर पट्ट्या पेटल्यासारख्या झाल्या.

"म्हणजे बघ," जाऊ म्हणाली, "माझं बुजगावणं पल्याडच्या गावातून दिसतं, आनि तुझा घो दाराम्होरनं दिसत न्हाय."

मी जाकीट धुतलं, उसवलेलं शिवलं आणि ह्यांच्यापुढे धरलं. ते ओटीवर कोयता घासत होते. त्यांच्याशी बोलायचं तर समोर बसून, तोंड दिसेल असं बोलावं लागतं.

"अवो, उधाणाला हे घाला."

"कशाला? मातीचा हाय तो बरा हाय."

"त्यात तुम्ही दिसत न्हाय."

"म्हणून तर बरा हाय."

मला वाटलं थट्टा करताहेत. पण त्यांनी कोयता बाजूला ठेवला. म्हणाले, "हल्ली बांधावर गेलो की सगळे माझ्याकडंच बघतात. बाबा, ऐकलं का? बाबा, बाजूला व्हा. कुणी हात हालवतो, कुणी दंडाला धरून ओढतो. आपसात काय बोलतात ते मला काय कळत न्हाय, पन हसतात ते दिसतं. ह्या कोटात सगळ्यांत मिसळून जातो. चिखल टाकणारा एक मानूस, बस. आनि त्यात तू मला शिग्नल करून उभा करनार?"

मी जाकीट घडी घालून आत नेलं. इतके दिवस मी कापडंच बघत होते, कुठलं दिसतं, कुठलं नाही. घालणाऱ्याला दिसायचंय का, हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता. दोन दिवस ते आतल्या खुंटीवर लटकत होतं. पण उधाण तर येणारच होतं. मग भाकरी थापता थापता वाटलं, त्यांना वेगळं दिसायचं नाही ना, मग सगळेच तसे दिसले तर?

आमच्या आळीत असं घर नाही की जिथला एखादा मुलगा बंदराच्या कामाला नाही. म्हणजे जाकीटही घरोघरी, फक्त जाकीट म्हणून कुणी वापरत नाही. कामावरून आला की मुलगा ते आधी काढून फेकतो. एका घरी ते पाण्याच्या पंपावर पांघरलेलं. एका घरी त्याने मोटरसायकल पुसत होते. एकीने कोंबड्यांच्या खुराड्याला पडदा केला होता, तिने तो द्यायला फार आढेवेढे घेतले. "कोंबड्या आता नागड्या बसतील त्या," म्हणाली. मी तिला पोतं नेऊन दिलं. मी आणि जाऊने मिळून सगळी जाकिटं धुतली, ठिगळं लावली.

दीर बघून म्हणाले, "वहिनी, आम्ही काय कंटेनर मोजायला चाललोय?"

मी त्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी सांगितलेलंही सांगितलं. हसण्याचंही. ते जरा वेळ जाकिटाच्या पट्टीवर बोट फिरवत राहिले. म्हणाले, "आम्ही त्याला हसत न्हाय, वहिनी."

"मला ठावं हाय. पन त्यांना ऐकू न्हाय येत, कशाला हसता ते."

मागून जाऊ म्हणाली, "घाला गप. बांधावर असता की चहाच्या टपरीवर, ते तरी मला दारातून दिसंल." हे आळीतल्या बाकीच्या बायकांनी ऐकलं मात्र, मग पुरुषांपुढे काही इलाज राहिला नाही.

जावयांना जाकिटांचा फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, "आई, तुम्ही अगदी उलटंच केलंत." मी म्हटलं, "अहो, तुमच्याकडे पाणी लपवायचं होतं, आमच्याकडे माणूस शोधायचाय." ते म्हणाले, "पुढच्या वेळी चकाकत्या पट्ट्यांचा रोल पाठवतो." गुणी आहेत हो.

भाद्रपदातल्या उधाणाला दुपारीच वारा सुटला. दीर आणि बाकीचे नारिंगी जाकिटं घालून आमच्या दारावरून निघाले. हे मातीचा कोट घालून ओटीवर तयार बसले होते. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. कुणी काही बोललं नाही, कुणी खुणा केल्या नाहीत. मग हे आत गेले आणि खुंटीवरचं जाकीट कोटावर चढवून त्यांच्यात जाऊन मिळाले.

आता गंमत ऐका. मी मागच्या दारात उभी, बांधावर नारिंगी ठिपके अगदी स्वच्छ दिसताहेत, आणि त्यातले आमचे कुठले ते मला ओळखू येईना. सगळे वाकलेले, सगळे चिखल टाकताहेत. एवढा खटाटोप करून मी पुन्हा जिथल्या तिथे. जाऊ शेजारी होती. तिलाही तिचा ओळखू येईना.

भरती चढत गेली. उघाडीच्या बाजूला बांध ओला दिसायला लागला, मग पाण्याची एक चकाकती रेघ बांधावरून आत उतरली. कुणीतरी ओरडलं, आम्हाला शब्द नाही कळले, पण आवाज आला. नारिंगी ठिपके सगळे एकदम वळले आणि मागे सरकायला लागले. एक वळला नाही. तो उघाडीशी वाकून पेंढा ठासतच राहिला.

"तो आमचा," मी म्हणाले. माझा हात जाऊच्या मनगटावर होता, नंतर तिने वळ दाखवले.

मागे सरकणाऱ्यांतला एक थांबला. बहुतेक दीर. त्याने पाठीमागे पाहिलं, आणि पाण्यातून पाय ओढत परत गेला. ओरडला नाही, दंडाला धरून ओढलं नाही. जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभा राहिला. वाकलेला ठिपका सरळ झाला. मग दोघं आले, एकामागून एक, आणि ते निघाले त्या जागेवरची माती थोड्या वेळाने खचून पाण्यात गेली. बांध तेवढ्यावर टिकला. ओहोटीला सगळ्यांनी मिळून तिथे नवी भर घातली.

हे घरी आले, अंगावर चिखल, ओठ थंडीने निळे. मी चहा दिला. ते चहा पिता पिता माझ्या तोंडाकडे बघत म्हणाले, "हितनं सगळे सारखेच दिसत असतील, न्हाय?"

मी त्यांच्या समोर बसले, नीट दिसेल अशी.

"व्हय," म्हटलं. "अगदी सारखे."