माझी चरबी दारातच अडकते

"तुमच्या अंगात चरबी आहे, पण ती नीट जळत नाही," डॉक्टर म्हणाले. माझ्या स्नायूच्या तुकड्याचा रिपोर्ट बेंगळूरहून आला होता. मी सव्वीस वर्षांची, धारवाडच्या इस्पितळात, शेजारी आई. मला भीतीआधी प्रश्न सुचला: का जळत नाही?

त्यांनी कागदावर काढून दाखवलं. पोट फार वेळ रिकामं राहिलं की शरीर चरबी फोडून फॅटी ॲसिड्स मोकळी करतं. पेशीत मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक भट्ट्या असतात. लांब साखळीच्या फॅटी ॲसिड्सना कार्निटीन नावाचं द्रव्य या भट्ट्यांच्या आत नेतं. तिथे त्यांचे दोन-दोन कार्बनचे तुकडे पडतात आणि ताकद मिळते. या ने-आणीला लागणारं एक एन्झाइम, म्हणजे रासायनिक काम घडवणारं प्रथिन, माझ्यात जन्मापासून दुबळं. दुर्गदबैलच्या बाजारात आमच्या कापडदुकानाच्या गल्लीत हातगाडी तोंडाशीच अडकते, तसं. मग उपाशीपोटी राबलेले स्नायू फुटतात, त्यांचा रंग लघवीत उतरतो आणि किडनीवर बेततं.

आदल्या दिवाळीत मी नुसत्या चहावर दिवसभर कापडाचे तागे उचलले होते. मांड्या ठणकल्या, लघवी काळ्या चहासारखी झाली. घरच्यांनी कावीळ ठरवून टाकली. झाडपाल्याचं औषध, तेल-तूप बंद, उसाचा रस, आराम. आठवड्यात मी ठणठणीत. वाचवलं ते रसातल्या साखरेनं आणि विश्रांतीनं. चुकीच्या आजाराचं पथ्य नेमकं लागू पडलं, याची मला अजून गंमत वाटते.

आई मात्र नवस बोलली: पुन्हा असं होऊ नये म्हणून मी श्रावणी सोमवार कडक धरायचे आणि टेकडीवरच्या महादेवाला अनवाणी चालत जायचं. तिसऱ्या सोमवारी पायऱ्यांवर पाय उचलेनात. पाच दिवस सलाइन लावून पडले. रोज लघवी मोजायची, रोज किडनी तपासायला रक्त द्यायचं. मग स्नायूचा तुकडा काढून बेंगळूरला पाठवला.

"ऊट बिडबेडि," रिपोर्ट समजावून झाल्यावर डॉक्टरांनी आईलाच कानडीत बजावलं. "जेवण चुकवायचं नाही. तापात तर मुळीच नाही."

बाहेर बाकावर आई म्हणाली, "माझ्या नवसानंच केलं की हे." मला तिचा रागही आला होता आणि दयाही.

उपाशीपोटी कष्ट झाल्यावर लघवी काळी झाली, तर घरी कावीळ ठरवत बसू नका. इस्पितळात जा, आणि उपास होता हे आधी सांगा.

पुढच्या श्रावणात पहिल्या सोमवारी आईनं सकाळीच माझ्यापुढे गूळ-भाताचं ताट ठेवलं. तिच्या पायात चप्पल नव्हती.

"सोमवार मी धरलेत," ती म्हणाली. "तू जेव."