हौसाबाईच्या राबात आमचं जंगल

‘जंगल वाचवा, शाश्वत शेती शिका!’ अशी जाहिरात दिसली की शहाण्या माणसानं मोबाईल खिशात टाकावा. मी पैसे भरले. दोन दिवस, जेवणासकट अडीच हजार.

श्रीरामपूरहून सकाळची एसटी धरून संगमनेर, मग अकोले, मग राजूर. राजूरलाच मिसळ हाणून घ्या, पुढं काही मिळत नाही. शेवटचा टप्पा जीपचा, आपला गुडघा दुसऱ्याच्या बरगडीत.

‘व्ह्यू’ मोकळा दिसावा म्हणून कॅम्पसाठी डोंगराचा अख्खा उतार साफ केलेला. तोडलेल्या हिरड्याच्या झाडांच्या ओंडक्यांवर आम्हाला बसवून कॅम्पवाले सर जंगलतोडीवर बोलले. नाचणीची भाकरी आणि पिठलं मात्र झकास.

दुसऱ्या सकाळी वृक्षारोपण. सरांनी वाडीखालचा काळा तुकडा दाखवला. “बघा, वणव्यानं काय केलंय!” आम्ही तीसेक जण गुलमोहराची रोपं घेऊन राखेत उतरलो. मीही. खड्डे, सेल्फी, टाळ्या.

तेवढ्यात वाडीतून एक बाई ओरडत आली. हौसाबाई. जमीन तिची.

“आरं, निघा भायेर! परवाच बी पेरलंय!”

“मावशी, जळालेलं जंगल परत उभं करतोय,” सर म्हणाले.

“कुठलं जंगल? भाताचा राब हाय ह्यो. मीच जाळलाय!”

राब म्हणजे इकडं भाताची रोपं तयार करायची जागा. ऐनाच्या झाडाच्या छाटलेल्या फांद्या, पाला, शेण पसरून जाळतात आणि राखेत बी टाकतात. झाड शाबूत राहतं, पुन्हा फुटतं. शाश्वत शेतीच्या मास्तरांना नेमकं हेच ओळखता आलं नाही.

“पण मावशी, झाडानं कुणाचं वाईट होत नाही,” सर म्हणाले.

“मंग तुमच्या अंथरुणात लावा की!”

ती रोपं उपटून बांधापलीकडं फेकायला लागली. तिथं तिची शेळी तयारच होती. मी मदतीला वाकलो.

“नगं, दादा. आनखी पाय नगंत. समदं बी तुडवलंत. आता खायला ठिवलेला भात पेरते.”

“मग तुम्ही खाणार काय?” आमच्यातल्या एका ताईंनी विचारलं.

“गुलमोहर!”

सर म्हणाले, “चला, नाश्ता गार होतोय.”

घरी येऊन आठवडा झाला. काल कॅम्पचा मेसेज आला, ‘अभिनंदन! तुमचं झाड जोमात वाढतंय.’ खाली कुठल्यातरी गुलमोहराचा फोटो. मी लिहिलं, ‘माझं झाड माझ्यासमोर शेळीनं खाल्लं. हौसाबाईचा भात उगवला का, ते कळवा.’

उत्तरात हिरव्या पानाचं चित्र आलं.