वंदनाताईंची वेगळी लाइन

वंदनाताई गेल्याचा फोन आला, तेव्हा मी महापेच्या ऑफिसात नेटवर्क पाडत बसलो होतो. मुद्दाम, पगारच त्याचा मिळतो. सरकारी पैशातून उभं राहिलेलं आमचं हे नेटवर्क मुळात संशोधनासाठी, म्हणजे आमच्यासारख्यांनी मोडून बघण्यासाठी. ताईंचं काम ते चालू ठेवण्याचं. तेव्हा आमचं जमणं कठीणच होतं...

ताईंनी उरणकडचा एक छोटा दवाखाना नेटवर्कला जोडून घेतला होता. तिथले एक्स-रे मुंबईच्या डॉक्टरांना दिसू लागले. एका दुपारी मी नवा प्रोग्राम चढवला आणि सगळं ठप्प झालं. मी खूश. का पडलं, याची इतकी सुंदर माहिती कधी मिळाली नव्हती. पेढे आणायला निघालो, तर दारात ताई.

"काय साहेब, पास झालात?"

"ताई, काय पडलंय म्हणून सांगू..."

"मला नको, उरणला सांगा. तिथे एक बाई मोडका हात घेऊन बसल्यात."

पेढे राहिले. तरी मी वाद घातलाच, की हे प्रयोगासाठीच आहे ना? "करा की प्रयोग. आधी मधली माणसं बाजूला घ्या." आठवड्याभरात त्यांनी भंगारात निघालेली यंत्रं जोडून माझ्यासाठी वेगळी लाइन उभी केली. "ही तुमची. हवी तेवढी आपटा."

यंदा प्रकल्पाची मुदत संपली. वरून आलेले अधिकारी म्हणाले, प्रयोग यशस्वी झाला, आता बंद करू. ताई केमो घेऊन, डोक्याला रुमाल बांधून बैठकीला आल्या होत्या. म्हणाल्या, "यशस्वी झाला म्हणूनच तर बंद करता येत नाही, सर." रोजची सेवा संशोधनात कुठे बसते, असा प्रश्न आला. सगळे माझ्याकडे बघू लागले. जन्म नेटवर्क पाडण्यात गेलेला मी म्हणालो, "बसवू." निर्णय पुढच्या बैठकीवर गेला.

ती बैठक सोमवारी आहे. ताई नाहीत, मी जाणार आहे आणि 'बंद' ऐकून परत येणार नाही.

परवा ताईंच्या टेबलावरचा फोन वाजला. दवाखान्यातल्या सिस्टर होत्या. "ताई हायत का? फोटो जात नाय."

मी खुर्ची ओढून बसलो.

"ताई नाहीत. मी आहे. बोला, कधीपासून जात नाही?"