सिम्हाकाकूंच्या दगडावर

सिम्हाकाकू गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्याकडेच कामाला निघाले होते. वर्तकनगरच्या त्यांच्या घरी पोहोचले तर आरशावर चादर टाकलेली, हंडे-कळश्या सगळ्या रिकाम्या. काकू बेने इस्रायली, म्हणजे इथल्याच मराठी ज्यू; त्यांच्यात मरण झालं की आरसा झाकतात, घरातलं भरलेलं पाणी ओतून देतात. अंथरुणाला खिळल्यापासून काकूंना आंघोळ मीच घालायचे, म्हणून पदर खोचून पुढे झाले. त्यांच्या समाजातल्या बायका आल्या होत्या. एक म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा. मयताला आमच्याच बायका हात लावतात." मी जिन्यात बसले. आत पाणी ओतल्याचा आवाज येत होता... गार की कोमट, तेही विचारता आलं नाही.

काकू शाळेत शिकवायच्या. मी चौथी शिकलेली. मी भाजी निवडायला बसले की त्या मला पुस्तकातलं सांगायच्या. भाचीने इस्रायलहून एक पुस्तक पाठवलं होतं, जुन्या रोम शहरातल्या ज्यू लोकांच्या कबरींचं. जमिनीखाली बोळ खणलेले, भिंतीतल्या कप्प्यांत माणसं पुरलेली, कप्प्याच्या तोंडाशी पाटी आणि पाटीवर सात फांद्यांचा दिवा. "हे लिहिलंय ग्रीकमध्ये, ते घरी तेच बोलायचे. शेवटी शालोम, म्हणजे शांती, तेवढं हिब्रूत. आमच्यासारखंच गं, आमचं बाकी सगळं मराठीत." काही पाट्यांवर बायकांची स्तुती होती, नवऱ्यावर जीव होता, कधी भांडली नाही. काकू हसायच्या. "मेलेली बाई उलट बोलत नाही ना, म्हणून लिहून टाकतात. माझ्यावर असलं काही लिहू देऊ नकोस. माझं नाव आणि माझ्या बापाचं, बस." त्यांचा नवरा, म्हणजे काका, कल्याणला दुसऱ्या बाईकडे राहायचे. काकूंच्या आधीच वारले, पण मरेपर्यंत इकडे यायचे ते हात उचलायलाच.

काकूंच्या कबरीचा दगड करायला दिला काकांच्या पुतण्याने. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, तरी त्याच्या घरी गेले आणि काकूंचं म्हणणं सांगितलं. त्याने मोबाईलमधून मान वर काढली नाही.

"मावशी, तुम्ही तिकडे भांडी घासायचात ना?"

"हो."

"मग दगडाचं आम्ही बघतो."

त्याची बायको म्हणाली, "चहा घेऊन जा हां. कप तेवढा विसळून ठेवा."

मी कप विसळून ठेवला आणि निघाले.

पुढच्या महिन्यात दगड बसला. मी अक्षर अक्षर लावून वाचलं. काकूंचं नाव, पुढे काकांचं नाव, खाली 'प्रेमळ पत्नी, सुखाचा संसार केला', आणि शेवटी हिब्रू. जागाही काकांच्या शेजारची. काकांच्या दगडावर त्यांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव आहे. काकूंचं कुठेच नाही.

त्यांच्या रीतीप्रमाणे एक खडा उचलून दगडावर ठेवला... काकूंचा डावा कान काकांच्या थपडेने गेला होता. म्हणून त्यांच्याशी बोलताना मी नेहमी उजव्या अंगाला बसायचे. तिथेही, न ठरवता, उजवीकडेच जाऊन उभी राहिले. काका डावीकडे आहेत. बोलू देत त्यांना.